रेघेखालची चार बोटं

९ मार्च १९९७, रविवार. आळेफाट्याला रघू मिस्त्रीच्या गॅरेजात माझ्या जुन्या पिकअपचे स्प्रिंगचे पाटे आणि टायर बदलायचे ठरले. मजुरी साडेसहा हजार, सामान वेगळे. हजर तिघे: मी, मिस्त्री आणि त्याची बायको सुभद्राबाई. ती पत्र्याच्या आडोशाला भाकरी थापत होती आणि मी सांगितलेल्या प्रत्येक आकड्याला तिथूनच "कमी हाय" म्हणत होती.

मिस्त्री गेल्याचे मला गेल्या महिन्यात, ओतूरला दुकान उघडताना कळले. ट्रकच्या चाकात हवा भरताना डिस्कवरची, टायर धरून ठेवणारी लोखंडी रिंग उडाली आणि त्याच्या कपाळावर बसली. रुग्णालयात नेईपर्यंतही तो राहिला नाही. ती रिंग खाचेत नीट बसली आहे की नाही, हे हवा भरण्याआधी बोटांनी चाचपून बघावे लागते. मिस्त्रीच्या उजव्या हाताच्या तीन बोटांना नऊ वर्षांपासून स्पर्श कळत नव्हता. रिंगही झिजलेली होती, असे बघणारे सांगतात. दोन्ही गोष्टी इथे लिहून ठेवतो, कारण कशामुळे काय झाले हे मला ठरवता येत नाही. पण त्या बोटांचे काय झाले होते हे मला माहीत आहे, आणि ते माझ्याशिवाय दुसरे कोणी लिहिणार नाही.

माणूस तापट होता. मेला म्हणून ते झाकण्यात अर्थ नाही. त्याच्या बापाची मेंढरे होती, पावसाळा सोडला तर घर घोड्याच्या पाठीवर. मिस्त्री मात्र लहानपणीच फाट्यावर ट्रकांच्या खाली शिरला तो तिथलाच झाला. गाडीचे पाटे नुसते हाताने दाबून तो किती वजन वाहून झिजलेत ते सांगायचा. पण चुकीचे काम करायला सांगणाऱ्याच्या अंगावर धावून जायचा. एकदा आंबेगावकडचा एक तरुण बागायतदार नवी कोरी पिकअप घेऊन आला आणि म्हणाला, "मिस्त्री, अशी उंच करा की गावात बघत राहिले पायजेत." मिस्त्रीने विचारले, "डोंगरात जाती का?" तो म्हणाला, "न्हाई ओ, रुबाबाला." मिस्त्रीने हातातली हातोडी त्या गाडीच्या समोरच्या दिव्यावर घातली. "ह्यो घे रुबाब. आता एक डोळा मारत जाय घरी." त्या दिव्याचे पैसे सुभद्राबाईने भरले. ती म्हणायची, "ह्यांच्या मजुरीपरीस ह्यांची फोडाफोड जास्त हाय."

माझी गाडी मात्र खरोखर डोंगरात जाणार होती. घाटघरच्या वरच्या वाड्यांमधून हिरडा जुन्नरला आणायचे भाड्याचे काम मी घेतले होते. एप्रिल-मे हाच त्याचा हंगाम. वाडीपर्यंतचे शेवटचे साडेतीन किलोमीटर म्हणजे रस्ता नव्हे, मोठे धोंडे आणि त्यांच्यामध्ये गाडीचे पोट. मिस्त्रीने मागे दोन-दोन पाटे वाढवले, पुढे एक-एक. पाटे टांगायच्या कड्या लांब केल्या. शॉकअप बदलले. मिलिटरीच्या लिलावातले, जाड गुट्ट्यांचे टायर मी आणले होते, ते चढवले. गाडी मोजून चार इंच उंच झाली. चढाला हवा अठरा पौंडांवर आणायची म्हणजे टायर दगडाला मिठी मारतो, डांबरावर परत बत्तीस, हेही त्यानेच शिकवले. काम चालू असताना मी वहीत लिहीत होतो, तर तो गाडीखालून म्हणाला, "शेठ, एक आनखी लिवा. उंच केली म्हंजी चढायला शिकली, तशी कुशीवर पडायलाबी शिकली."

सगळे झाल्यावर तो एक काम करायचा, ते दुसऱ्या कोणत्याही गॅरेजात मी पाहिले नाही. मागच्या अ‍ॅक्सलवर, चेसिसच्या शेजारी, दोन फुटांची एक काळी लोखंडी पट्टी उभी वेल्ड करायचा. माल भरू लागला की चेसिस खाली येते आणि तिची कड पट्टीवरून खाली सरकते. त्या पट्टीवर मिस्त्री पांढऱ्या रंगात मधले बोट बुडवून एक आडवी रेघ ओढायचा. कड रेघेला टेकली की माल बंद. माझ्या गाडीला ती वीस पोत्यांना टेकत होती. मी वाकून बघितले. रेघेच्या खाली बरीच पट्टी शिल्लक होती, त्यानंतर कुठे चेसिस रबराच्या ठोकळ्यावर टेकणार.

"मिस्त्री, ही चार बोटं वाया चालली."

"वाया न्हाई. माझा बाप घोड्यावर संसार लादायचा ना, तवा पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघायचा. जनावराला दम घ्यायला जागा पायजे. आन् घोडं दमलं तर थांबतं तरी, शेठ. गाडी थांबत न्हाई. म्हणून चार."

मी मान हलवली आणि घरी येऊन हिशेब मांडला. वीस पोत्यांऐवजी सव्वीस नेली तर दर चार खेपांमागे जवळजवळ एक खेप वाचत होती. एप्रिलच्या अखेरीस एका दुपारी, घरामागे, मी मिस्त्रीच्या रेघेवर काळा रंग फासला आणि ब्रशने दोन बोटे खाली नवी रेघ मारली. पोती भरणारी माणसे रेघ बघूनच थांबत. मी नुसते "भरा" म्हटले असते तर त्यांनी ऐकले नसते, मिस्त्रीच्या रेघेवर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. त्या नव्या रेघेवर अकरा खेपा सुखरूप झाल्या.

बारावी खेप १९ मेची. गाडी मीच चालवत होतो. वर पोत्यांवर लक्ष्मण बसला होता, घाटघरचाच, पोती भरायला असायचा. उतारावर उजवे मागचे चाक एका धोंड्यावर चढले. पाट्याला दबायला दोनच बोटे जागा उरली होती, ती पुरली नाही. चेसिस थेट ठोकळ्यावर आदळली, बंदुकीसारखा आवाज होऊन मुख्य पाटा तुटला आणि गाडी डावीकडे फेकली गेली. दीड कोलांटी. स्टिअरिंग माझ्या छातीत घुसले, तीन बरगड्या मोडल्या. गाडी थांबली तेव्हा वरून हिरडा पडतच होता, पत्र्यावर गारांसारखा. लक्ष्मणचा उजवा पाय हौद्याच्या लोखंडी कडेखाली गुडघ्यापासून चिरडला होता आणि तो ओरडत नव्हता, हाताने जवळचा हिरडा गोळा करून पोत्यात भरत होता... एक एक. ते मला आजही दिसते. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तिसऱ्या दिवशी लक्ष्मणचा मोठा भाऊ सखाराम चार-पाच माणसे घेऊन माझ्या खाटेपाशी आला. त्याच्या हातात ती पट्टी होती. छिन्नी लावून गाडीपासून तोडून आणली होती. "खरं सांगा, जास्ती भरली व्हती का?"

मी म्हणालो, "मिस्त्रीच्या रेघेपर्यंतच भरली होती."

खोटे बोललो नाही असे मला तेव्हा वाटले. पट्टी मिस्त्रीचीच होती, माल रेघेपर्यंतच होता. शब्द मोजून वापरायची सवय मला दुकानात लागलेली आहे. त्या सवयीने मी आयुष्यात केलेले सर्वात वाईट काम ते हे.

त्यांनी मला जीपमध्ये घातले आणि फाट्यावर नेले. मिस्त्री एका ट्रकच्या खाली होता. त्याचे पाय धरून बाहेर ओढला. सखारामने पट्टी त्याच्या तोंडासमोर धरली. "ही रेघ तुझी का?"

मिस्त्रीने पट्टीकडे बघितले. त्याच्या रेघेत बोटाच्या चिरा उमटायच्या. ही ब्रशची, गुळगुळीत रेघ. कळायला त्याला एक क्षणही लागला नसणार. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितले. मी जीपच्या दाराला धरून उभा होतो, छातीला पट्टा बांधलेला. मी काहीच बोललो नाही.

"रेघ माझीच हाय," मिस्त्री म्हणाला.

पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा तोंडावर. सुभद्राबाई मध्ये पडली, तिला कोणीतरी ऑइलच्या डब्यांवर ढकलले. मिस्त्री मारामारीत मागे राहणारा माणूस नव्हता, पण त्या दिवशी त्याने हात उचलला तो फक्त डोके झाकायला. मग सखाराम म्हणाला, "कुठल्या हातानं वडली रे रेघ?" आणि दोघांनी त्याचा उजवा हात धरून लोखंडी बाकावर, पकडीच्या शेजारी, आडवा ठेवला. त्याच पट्टीने चार वेळा मारले. मी मोजले. दुसऱ्या फटक्याला हाड मोडल्याचा आवाज आला, त्यानंतरचे दोन नुसतेच ओले वाजले. पट्टी तिथेच टाकून ते गेले, आणि त्यांच्याच जीपने मला परत घरी सोडले.

ऑक्टोबरमध्ये मी गॅरेजात गेलो. का गेलो ते तेव्हा नीट सांगता आले नसते. पट्टी मागच्या खांबावर खिळ्याला लटकवलेली होती. मिस्त्री डाव्या हाताने पाना फिरवत होता. मी म्हणालो, "मिस्त्री, ती रेघ..." पुढे बोलू न देता त्याने डाव्या मुठीने माझ्या तोंडावर ठोसा मारला. मी खाली पडलो. उठलो तर परत मारला. वरचा एक दात मोडून ऑइलच्या ताटलीत पडला. सुभद्राबाई आतून म्हणाली, "आवं, बास करा, मरंल ते." मिस्त्री म्हणाला, "मरत न्हाई. हिशेब करनारी मानसं लई चिवट असत्यात." आणि मग तिला चहा टाकायला सांगितला.

रक्त चुळा भरून थुंकल्यावर मी विचारले, "त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलं?"

"घेतलं असतं तर तुमाला तिथंच संपवलं असतं. बरगड्या मोडल्याला मानूस, दोन फटक्यांचा व्हता तुमी. माझ्या दारात खून नगं व्हता मला." चहा डाव्या हाताने बशीत ओतताना सांडला, तसा तो थांबला. "आन् दुसरं... गिऱ्हाइकानं रेघ हलवली असं मी बोललो, की उद्या समदेच म्हननार, मिस्त्रीची रेघ हलती. मग रेघेपाशी थांबंल कोन?"

जाताना तो म्हणाला, "घाटघरला जाऊन सांगा. लक्षुमनाला. त्याचा पाय रेघेनं गेला न्हाई, रेघ हलवल्यानं गेला. येवढं तरी त्याला म्हाईत पायजे."

मी जातो म्हणालो. नऊ वर्षे गेलो नाही.

त्या नऊ वर्षांत गाडी त्यानेच दुरुस्त केली, वाढवलेले पाटे काढून परत मूळ उंचीला आणली. नवी पट्टी बसवली आणि डाव्या हाताच्या बोटाने, वाकडीतिकडी, आता वीसपेक्षा कमी पोत्यांवर रेघ ओढली. पिकअप दर सहा महिन्यांनी त्याच्याकडे जायची. दर वेळी तो खाली वाकून आधी रेघ तपासायचा, आणि मग न चुकता विचारायचा, "जाऊन आला का?" मी म्हणायचो, "जायचंय." शेवटच्या भेटीत, या उन्हाळ्यात, त्याने विचारले नाही. नुसते माझ्या तोंडातल्या फटीकडे बघितले आणि म्हणाला, "दात तरी बसवून घ्या, राव." विचारले नाही याचे मला त्या दिवशी बरे वाटले होते. हेही लिहितो.

मिस्त्रीचा तेरावा झाल्यावर मी घाटघरला गेलो. लक्ष्मण ओट्यावर कुबडी शेजारी ठेवून बसला होता, सखाराम दारात कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. मी उभ्यानेच सगळे सांगितले. काळा रंग, ब्रश, सव्वीस पोती, आणि खाटेवरचे ते वाक्य. लक्ष्मणने उजव्या हाताची दोन बोटे जोडून डोळ्यांसमोर धरली. "येवढंच?" त्याने विचारले. मी हो म्हणालो.

सखारामने कुऱ्हाड खाली ठेवली, आणि ती आपल्यापासून लांब सरकवली. मला वाटले तो मारेल. मी त्यासाठी चष्मा काढून खिशात ठेवला होता. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. "त्यो बोलला, रेघ माझीच हाय," तो म्हणाला. "मी इचारलं आन् त्यो बोलला... मग मी कुनाला मारलं?" लक्ष्मण म्हणाला, "दादा, तू जाय ह्यांच्यासंगं. बाईच्या म्होरं उभा ऱ्हा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे फाट्यावर गेलो. सुभद्राबाईने सखारामला ओळखले. उठली, खांबावरची पट्टी काढली आणि त्याच्या हातात दिली. त्याला ती धरवेना. मी घेतली. नखाने खरवडले तर माझ्या ब्रशच्या रेघेच्या वर, काळ्या रंगाखालून, पहिली रेघ निघाली. त्यात बोटाच्या चिरा अजून होत्या, शेवटाला जरा वर वळलेल्या, जिथे त्याने बोट उचलले. उजव्या हाताचे मधले बोट. मी त्यावर माझे बोट ठेवून पाहिले. त्याचे जाड होते.

"खिळ्याला लावा परत," सुभद्राबाई म्हणाली. "दुकान बंद केलं तरी ती तिथंच ऱ्हाईल."

पिकअप अडतीस हजाराला विकली. घेणाऱ्याला रेघ दाखवली, तिच्याखालची चार बोटे कशासाठी ते सांगितले आणि त्याच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतले. त्यातले बावीस हजार घाटघरला लक्ष्मणच्या हाती दिले, सोळा हजार सुभद्राबाईला. तिने ते माझ्यासमोर मोजले आणि पहिल्यांदाच "कमी हाय" म्हणाली नाही.