रबर कापल्याशिवाय रानात नाही

दर सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी लेम्पी रुओहोच्या स्वयंपाकघरात नऊ डबे यायचे. कॉफीचे रिकामे पत्र्याचे डबे, झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर नाव आणि आत वर्षभरात बोथट झालेले बाणांचे फाळ. शिकारीच्या कॅम्पात पुरुष नऊ, आणि त्या नऊ जणांच्या फाळांना गेली तीस वर्षे धार लावणारी ती एक. आर्व्हो होता तोवर नवराबायको मिळून बसत. तो गेल्यावरही डबे येतच राहिले. लावशील का, असे कुणी विचारले नव्हते.

यंदा डबे घेऊन तिचा दीर रेनो स्वतः आला. टोपी काढून टेबलाशी बसला, वेलदोड्याच्या पावाचा तुकडा त्याने कॉफीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"वहिनी, सभेत एक ठराव झालाय."

"पाव विरघळतोय तुझा. बोल."

"ओढायला चाळीस पौंडांच्या आत जोर लागतो असं धनुष्य कॅम्पच्या जमिनीवर चालणार नाही. सगळ्यांना लागू आहे."

"सगळ्यांत चाळीसच्या आत कोण आहे?"

रेनो चमच्याने कपात पाव शोधू लागला.

"मला का नाही बोलावलं सभेला?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि आता बरं वाटतंय होय?"

लेम्पी एकाहत्तर वर्षांची होती. उजवा खांदा दोन हिवाळ्यांपूर्वी बर्फ उपसताना दुखावला, तेव्हा तिने जुने धनुष्य खुंटीला टांगले आणि अडतीस पौंडांचे नवे घेतले. ते तिला गालापर्यंत पुरते ओढता येई आणि हात न थरथरता धरताही येई.

"डॉक्टरच्या एका सहीवर तुला घोडा दाबायचं धनुष्य मिळेल," रेनो म्हणाला. "दुर्बीणसुद्धा असते त्याच्यावर."

"मग खिडकीतूनच मारते की. बूट घालायचेही कष्ट नकोत."

"थट्टा नको, वहिनी. गेल्या वर्षीची ती हरिणी..."

लेम्पीने कप खाली ठेवला. हरिणी बावीस पावलांवर होती. बाण लागला, पण आरपार गेला नाही. आर्व्होचा तीन पात्यांचा रुंद फाळ खांद्याच्या हाडाशी अडकून राहिला. दोन दिवस ती रक्ताच्या थेंबांमागे फिरली, मग पावसाने थेंब धुऊन नेले. ते पाहायला कुणी नव्हते. तिनेच कॅम्पात येऊन सांगितले होते. सांगितले नसते, तर हा ठराव झालाच नसता.

ती उठली आणि नऊच्या नऊ डबे तिने रेनोसमोर सरकवले.

"हे घेऊन जा."

"आणि धार?"

"जिचं धनुष्य तुम्हाला चालत नाही, तिची धार कशी चालेल?"

रेनोला सगळे डबे दोन फेऱ्यांत गाडीपर्यंत न्यावे लागले. तिने दारसुद्धा धरले नाही.

त्या संध्याकाळी तिने आर्व्होच्या फाळांचा खण उघडला. तीन पात्यांचे फाळ दिसायला देखणे; जखमही मोठी करतात. पण त्यांना मागून जोर लागतो, आणि तो जोर आर्व्होच्या साठ पौंडांच्या धनुष्यात होता. अडतीस पौंडांना रुंदी परवडत नाही. तिने तळाशी गुंडाळून ठेवलेले दोन पात्यांचे फाळ काढले: अरुंद, लांब आणि हाताला जड. त्यांतले तीन निवडून तिने गरम डिंकाने बाणांना बसवले. मग एकेक बाण टोकावर उभा करून तळहातावर फिरवला. एकाचे टोक किंचित डगमगत होते. डिंक पुन्हा तापवून तो फाळ तिने तीनदा बसवला, तेव्हा कुठे टोक जागच्या जागी फिरले.

मग कानस. धारेच्या उतारावर तिने काळ्या शाईच्या पेनने रेघ ओढली, आणि शाई सगळीकडून सारखी जाईपर्यंत एकाच कोनात घासत राहिली. धारेवर उलटलेली बारीक कोर बोटाला लागली की बाजू बदलायची. मग हलका हात, त्याहून हलका, आणि शेवटी आर्व्होच्या जुन्या पट्ट्याचे कातडे. कातड्यावर दोन्हीकडून वीस-वीस वेळा फिरवल्यावर तिने धार मनगटावर टेकवली. केस आपसूक गळून पडले. गंज धरू नये म्हणून तिने धारेला व्हॅसलीन चोळले.

दुसऱ्या दिवशी ती रानात आपल्या दबा धरून बसायच्या जागी गेली. ती बसायची त्या मोठ्या हेमलॉक झाडाच्या बुंध्यापासून पंधरा पावले मोजून तिने झुडपाला लाल चिंधी बांधली. त्या चिंधीपलीकडे आता तिचे रान नव्हते; तिथल्या जनावरावर बाण सोडायचा नाही.

एक ऑक्टोबरला, शिकारीच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी, उजाडायच्या आधी ती कॅम्पच्या खोलीत शिरली. आत नऊ जण दिव्याखाली दाटीवाटीने उभे होते. दाराशेजारच्या फळीवर तिच्या सासऱ्यांनी तापल्या सळईने डागून लिहिले होते: 'रबर कापल्याशिवाय रानात नाही'. अक्षरांखाली दोन खिळे, खिळ्यांवर ताणलेले रबर. नुसता फाळ टेकवून ते तुटले पाहिजे. नाही तुटले, तर माणूस आतच. आजवर या नियमाने कुणाला अडवले नव्हते, कारण आजवर सगळी धार एकाच टेबलावरून आलेली होती.

एल्मर या सगळ्यांत थोरला. त्याच्या फाळाने रबर गळाला मासा लागावा तसे पुढे ओढले गेले आणि सुटून त्याच्याच बोटांवर बसले.

"कशावर घासलंस, एल्मर?" कुणीतरी विचारले.

"बायकोच्या सुऱ्यांच्या यंत्रावर."

"मग बायकोलाच पाठवायचं."

रेनोने दुकानातून कोरे फाळ आणले होते. पाकिटावर वस्तऱ्याचे चित्र होते. रबर त्यांनीही तुटले नाही. तेवढ्यात त्याला लेम्पी दिसली.

"वहिनी, कागद वाचलास ना?" फळीशेजारी चाळीस पौंडांचा ठराव टाचून लावलेला होता.

"वाचला. टाईप छान केलाय. तू फळी वाचलीस का?"

तिने भात्यातून एक बाण काढला आणि फाळ रबराला टेकवला. रबराची दोन टोके दोन खिळ्यांवर लोंबत राहिली.

"फळीवर पौंड कुठे लिहिलेत ते दाखव."

"कागद नंतरचा आहे."

"मग अडव मला."

रेनो दारात उभा होता. दाराची कडी त्याच्या हाताशी होती. तो आधी फळीकडे आणि मग आपल्या कोऱ्या फाळांकडे बघत राहिला. मग बाजूला झाला.

साडेआठला तिच्या दब्यासमोर हरणाचा नर आला. आठ टोकांची शिंगे, मान जाड, वाऱ्याची दिशाही तिच्या बाजूची. तो चिंधीच्या पलीकडे थांबला आणि गळलेली सफरचंदे खाऊ लागला. तिने मनात मोजले. अठरा पावले. बोटे दोरीवर होती. खांदा म्हणाला, जमेल. गेल्या वर्षीही तो हेच म्हणाला होता. ती घड्याळाने बारा मिनिटे तशीच बसून राहिली. नराने एकदाही पाऊल पुढे टाकले नाही आणि मग तो ओढ्याकडे निघून गेला.

अकराला ती कॅम्पात परतली, तर नऊही जण अजून टेबलाशीच होते. मेणकापडावर लोखंडाचा कीस, मधोमध एकुलती एक कानस, आणि एल्मरचा डावा हात कोपरापर्यंत गुळगुळीत.

"काही दिसलं?" एल्मरने विचारले.

"आठ टोकांचा."

"मग?"

"तीन पावलं लांब होता."

कॉफीचे भांडे चुलीवर खदखदत होते. एल्मरने ते उतरवले.

"रेनो तर पस्तीस पावलांवरून बाण सोडतो," तो म्हणाला.

"सोडतो. आपली हरणं टिकून आहेत ती त्याच्याच कृपेने."

सगळे हसले. रेनोचे कान लाल झाले, पण तो उठून गेला नाही. थोड्या वेळाने त्याने आपला फाळ तिच्यापुढे सरकवला.

"बघ जरा."

तिने अंगठा आडवा फिरवला. "कोर एकाच बाजूला उलटलीय. बाजू बदल, आणि हात हलका ठेव."

"तूच लावून दे ना, वहिनी."

"नाही." तिने खुर्ची ओढून घेतली. "तू लाव. मी बघते."

त्याने कानस उचलली. दोनचार हात फिरवून तो मान वर न करता म्हणाला, "तो कागद काढायचा तर पुन्हा सभा घ्यावी लागेल."

"घे. मला बोलावून घे. तोवर लटकू दे तिथेच. उद्या पहाटे मी त्याच्याच शेजारून जाणार आहे."

आणि खिशातून नवे रबर काढून तिने ते फळीवरच्या दोन खिळ्यांवर ताणून बसवले.