उसनी दिलेली भाची

कडुबा खरातांना राग यायला कारण लागत नाही, असं त्यांची बायको भामाबाई सांगते, पण ते काही खरं नाही. कारण लागतं. फक्त ते दुसऱ्याचं असलं तरी चालतं. एकदा बजाजनगरात एका लग्नात यजमान बँडवाल्यांना शेवटच्या पंगतीला बसा म्हणाले. झालं! हा गडी भरल्या ताटावरून उठला, सगळ्या बँडवाल्यांना हाताला धरून आणलं आणि पहिल्या पंगतीत बसवून स्वतः वाढायला लागला. तिकडं नवरदेव घोड्यावर बसून आणि घोडा नवरदेवाला घेऊन ताटकळलेला, पण वाजवणार कोण? सगळे जिलबी खात होते.

असा हा पिशोर गावचा माणूस वाळूजच्या एका कंपनीत वेल्डर म्हणून लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. फुटबॉल त्याच्या आयुष्यात दातावाटे आला. कंपनीच्या खेळांच्या दिवशी त्यांच्या पाळीला गोलकीपर मिळेना, तर यांना उभं केलं. पहिलाच चेंडू तोंडावर बसला आणि पुढचा एक दात गेला. पण गोल अडला! दाताच्या त्या रिकाम्या जागेत फुटबॉल जो शिरला, तो अजून निघालेला नाही. निवृत्तीनंतर त्यांनी बजाजनगरात पोरींचा संघ उभा केला. मैदान सगळं क्रिकेटवाल्यांनी अडवलेलं, त्यांच्याशी रोज हुज्जत घालून यांनी एक कोपरा मिळवला.

त्या संघात हिरा होती त्यांची भाची, अमृता. कॉलेजसाठी पिशोरहून मामा-मामीकडं राहायला आलेली. चेंडू तिच्या पायाला लागला की बाकीच्या दहाजणींनी शेंगा फोडत बसावं, इतकी ती एकटी पुरून उरायची. चेंडू घ्यायचा, पळायचं, गोल. कडुबा बाहेरून ओरडायचे, "पळ माझी वाघीण!" हेच त्यांचं प्रशिक्षण.

मग एके दिवशी उस्मानपुऱ्याच्या क्लबाच्या प्रशिक्षक नीरजा पाठक स्कुटीवरून दारात आल्या. चहा झाला, पाऊसपाणी झालं, आणि बाई मुद्द्यावर आल्या.

"काका, या हंगामात आम्ही मोठ्या लीगमध्ये उतरतोय. अमृताला एका हंगामासाठी आम्हाला लोनवर द्या."

"लोनवर?" कडुबांनी कपबशी खाली ठेवली. "माझी भाची काय मिक्सर हाय हप्त्यावर न्यायला?"

"तसं नाही हो. ती तुमच्याच क्लबाची राहील. फक्त हंगामभर आमच्याकडून खेळेल आणि मग परत येईल."

"मग उसनी म्हणा की! चांगला मराठी शब्द सोडून लोन कशाला? घाबरलो ना मी."

"आधी पोरीला तर विचारा," भामाबाई आतून म्हणाल्या. पण विचारायचं काय? पोरगी दारामागं बूट घासून तयारच होती.

आता उसनं म्हटलं की उसन्याचे कायदे आले. पिशोरकडं शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, शेजाऱ्याला बैल उसना देतात. पण तो बैल मालकाच्याच जोडीविरुद्ध पळवायचा नाही. जो पळवील, त्याच्या दारात पुढं वर्षभर कुणी बिडी ओढायलासुद्धा थांबत नाही. कडुबांनी बोट वर केलं. "माझी एक अट. माझ्या पोरींविरुद्ध ही खेळायची नाय. बिलकुल नाय. कबूल?"

नीरजाबाई हसल्या. "कबूल. मोठमोठ्या क्लबांतही हाच नियम असतो, काका."

"बघ गं," कडुबा बायकोकडं वळले, "आमच्या पिशोरचं डोकं कुठंवर पोचलंय!"

इथवर सगळं गोड. पहिला सामना आला. कडुबा शेअर रिक्षानं उस्मानपुऱ्याला पोचले, पुढं जाऊन बसले. बघतात तर अमृता बाकावर. दुसऱ्या सामन्याला बाकावर. तिसऱ्याला शेवटी शेवटी उतरवली, तीही पुढं नाही, मधल्या फळीत! पळणाऱ्या पोरीला मधे उभी करून नुसता चेंडू इकडून तिकडं द्यायला लावलं. कडुबांचं डोकं असं तापलं की परतीच्या रिक्षात त्यांनी ड्रायव्हरला सगळी कैफियत ऐकवली. बिचारा ड्रायव्हर नगर नाक्यावर म्हणाला, "चाचा, आप उतरो, पैसे मत दो."

घरी पोरगी जेवायला बसली, तर यांनी सुरुवात केली. "बाकावर बसवायला नेली व्हय तुला? बाक काय आपल्याकडं नव्हता?"

"मामा, मी शिकतेय तिथं."

"बाकावर बसून काय शिकतीस? बाक?"

अमृतानं भाकरीचा तुकडा मोडला आणि आमटीत बुडवला. तिच्या त्या निवांत जेवण्यानं तर ते आणखी पेटले. त्यांच्या मनात एकच घोर होता. अठराव्या वर्षी पोर खेळली नाही, तर खेळणार कधी? आपण आपल्या हातानं हिचं वर्ष वाया घालवलं, आणि वर बढाया मारल्या.

मोतीराम म्हणून त्यांचा कंपनीतला जुना सोबती, दर रविवारी रेषेवर झेंडा घेऊन उभा राहतो. त्याच्यापुढं यांनी गाऱ्हाणं मांडलं.

मोतीराम म्हणाला, "कडुबा, मिरचीचं रोप वाफ्यात ठेवून मिरची लागत नाय. उपटून दुसरीकडं लावावंच लागतं."

"लावतात रे! उपटून बांधावर सुकत नाय ठेवत!"

"दोन दिवस मान टाकतंच रोप."

"तू झेंडा धर. शेती नको शिकवू."

आणि मग कडुबांनी डाव टाकला. उस्मानपुऱ्याच्या संघाला बजाजनगरात मैत्रीच्या सामन्याला बोलावलं. हिशेब असा की, आपलं मैदान, आपली माणसं. अमृताला खेळवा म्हणून सगळं बजाजनगर ओरडलं, की कसं बाकावर बसवतात ते बघतोच!

रविवारी उस्मानपुऱ्याच्या पोरी आल्या. मैदानाच्या कडेला ही गर्दी. सगळ्या पोरी बूट बांधायला लागल्या आणि अमृता पायात चपला घालून बाकावर जाऊन बसली.

कडुबा जे सुटले, ते थेट नीरजाबाईंपुढं. "हे काय मांडलंय? पोर उसनी नेली ती माळ्यावर ठेवायला? वापरायची नव्हती तर नेली कशाला? आज तिच्या घरच्या मैदानात, तिच्या माणसांपुढं तिला चपलेवर बसवता? ही इज्जत केली व्हय आमची?"

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, तुमचीच अट."

"कसली अट?"

"तुमच्या मुलींविरुद्ध ती खेळायची नाही. तुमच्या घरी, चहा पिताना, बोट वर करून."

कडुबांचं बोट, जे बाईंच्या नाकापुढं होतं, ते हळूहळू खाली आलं. शंकरपटाचा बैल मालकाच्याच अंगावर आला होता.

"आज मी तिला पहिल्यापासून उतरवणार होते," बाई म्हणाल्या. "आता ती तयार झालीय. पण तुम्हाला शब्द दिलाय. तुम्ही मला त्यातून सोडवलंत तरच."

घातलेली अट मागं घ्यायची, आणि तीही चारचौघांत! हा माणूस आयुष्यात कधी चुकलोय म्हणून बोलला नव्हता. कंपनीत एकदा दार उलटं वेल्ड केलं, तर म्हणाला होता की भिंतच उलटी आहे. त्यांनी गर्दीकडं पाहिलं, बाकावरच्या अमृताकडं पाहिलं. पोरगी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

"अट मागं," कडुबा पुटपुटले.

"मोठ्यानं बोला की," गर्दीतून भामाबाई ओरडल्या. "संसारात एकदाच ऐकायला मिळतंय!"

"अट मागं घेतली!" ते असे गरजले की पलीकडच्या क्रिकेटवाल्यानं झेल सोडला.

सामना सुरू झाला. अमृता मधल्या फळीतच. चेंडू आला की पळायचं सोडून दुसरीला द्यायची. कडुबा चरफडत होते. पळ ना गं! मग त्यांच्या ध्यानात आलं, की पोरीची मान सारखी हलतेय. डावीकडं, उजवीकडं, मागं. आधी वाटलं लचकली. मग दिसलं की चेंडू पायाशी यायच्या आधीच ती सगळं मैदान बघून ठेवतेय. चेंडू आला की तो कुठं जायचा, हे तिला ठाऊक. बजाजनगरच्या पोरी तिच्यामागं पळून पळून दमल्या आणि ती मात्र चालल्यासारखी.

दुसऱ्या अर्ध्यात तिनं कडेच्या पोरीला चेंडू दिला आणि स्वतः आत घुसली. त्या पोरीनं चेंडू मागं सरकवला, अमृतानं पळत येऊन एका टोल्यात जाळीत घातला. गोल!

आणि मोतीरामचा झेंडा वर. ऑफसाइड, म्हणजे गोल बाद.

कडुबा मैदानात. "मोत्या! डोळे कंपनीत जमा करून आलास व्हय? पास निघाला तवा पोरगी चेंडूच्या मागं होती! चेंडूच्या मागची कधी ऑफसाइड असती का?"

"अरे बाबा," मोतीराम कुजबुजला, "आपल्याच बाजूनं दिलं ना मी. आपल्यावर चढलेला गोल हाय तो!"

"आपल्या बाजूनं? म्हंजे लबाडी? माझ्या मैदानात, माझ्या भाचीशी?" आता तर त्यांना दुप्पट राग आला. पंचांनी त्यांना पिवळं कार्ड दाखवलं, यांनी तेही नीट बघून परत गोलावरच बोट ठेवलं. त्यांच्याच संघाची कप्तान धावत आली. "मामा, तुम्ही नक्की कुणाकडून हाय?"

"गप. हा गोल हाय!"

पंचांनी मोतीरामला बाजूला घेऊन विचारलं. मोतीरामनं झेंडा गुंडाळला आणि मान डोलावली. गोल धरला. बजाजनगर हरलं.

सगळे पांगल्यावर अमृता बूट हातात घेऊन मामाजवळ आली. "मामा, हंगाम संपत आलाय. मी परत येऊ ना मग? ठरलं तसंच होतं."

"परत?" कडुबा उसळले. "इथं येऊन काय करतीस? तू चेंडू देशील तो घ्यायला इथं हाय कोण? एकीची मान वळत नाय! मी बाईंना सांगतो, अजून एक हंगाम ठेवा म्हणून. तवर ह्यांना बघतो मी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दहाजणींना रांगेत उभं केलं आणि चेंडू काखेतच ठेवला.

"माना वळवा! आधी डावीकडं! आता मागं! मागं म्हटलं की मागं, आभाळात काय बघतीस गं?"

क्रिकेटवाल्यांनी विचारलं, "काका, फुटबॉल बंद करून योगा सुरू केला का?"

झालं. कडुबा मग तिकडं भांडायला गेले.