तीनवर ठेवलेला पंखा

स्क्रीन काळी! बाळाला कडेवर घेऊन मी मोरीतून बाहेर आले तर सिंथची स्क्रीन काळी, आणि त्या काळ्या स्क्रीनच्या मधोमध हळदीकुंकू. नॉबांवर झेंडूच्या पाकळ्या, वरून अख्खी माळ. मी खालचं बटण दाबलं, परत दाबलं, काही नाही. मग बघितलं तर प्लगच भिंतीतून काढलेला, आणि वायर नीट गुंडाळून, रबर लावून बाजूला ठेवलेली. म्हणजे चुकून नाही. कोणीतरी प्रेमाने बंद केलेला.

"आई, हा कोणी बंद केला?"

सासूबाई देवासमोर समई पुसत होत्या. "मीच केलंय. आज खंडेनवमी. यंत्राक आज हात लावूचो नाय."

"अहो पण तो बंद नव्हता करायचा! त्यात माझं काम होतं!"

"कितके दिवस तो लाल लाईट पेटत आसा. तेका पण एक दिवस आराम नको?"

बाळ माझे केस ओढत होतं आणि मला ते पण कळेना.

तुम्हाला सांगते काय झालं होतं. माझे मिस्टर बेंजो पार्टीत वाजवतात, लालबागला आम्ही राहतो, आणि पार्टीचा जुना सिंथ, म्हणजे नॉब फिरवून आवाज बनवायचा मोठा कीबोर्ड, आमच्या खोलीत ट्रंकेवर असतो. नवरात्रात ते दुसरा छोटा कीबोर्ड नेतात, मग हा घरी. मी नववीपर्यंत शिकले. बाळाच्या वेळी डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं, तेव्हा पडल्या पडल्या मोबाईलवर सिंथचे व्हिडिओ बघायचे. इंग्लिश कळत नव्हतं म्हणून माणसाचे हात बघायचे, कुठला नॉब किती फिरवतो. असं शिकले. मला गाणं वाजवता येत नाही, आजही नाही. मला पॅड बनवता येतात.

पॅड म्हणजे गाण्याच्या खाली पसरलेला आवाज असतो ना, तो. कोणी मुद्दाम ऐकत नाही, पण काढला की सगळं उघडं पडतं. त्यातला बदलता पॅड मला आवडतो. एक पट्टी दाबून धरायची, आणि मग आपण काहीच करायचं नाही, आवाज आपोआप चालत जातो, जाड होतो, पातळ होतो, या कानातून त्या कानात सरकतो. एक फिल्टर, म्हणजे आवाजाची झडपच, इतका हळू उघडायचा की कधी उघडला ते समजता कामा नये. ते हळू करणं सगळ्यात कठीण. जरा जास्त फिरवलं की भोंगा वाजल्यासारखं होतं.

चाळीतले एक दादा एकांकिका बसवत होते. शेवटच्या सीनला म्हातारी एकटी खोलीत बसते, बोलत नाही, नुसता आवाज. दादांना कुठून कळलं माहीत नाही, पण ते दारात येऊन मला म्हणाले, मिस्टरांना नाही, मला, "वहिनी, सुरुवातीला लोकांना पंखाच वाटला पाहिजे. आणि शेवटी कळलं पाहिजे की हा पंखा नाही. जमेल?" मी हो म्हणून बसले. दसऱ्याला दुपारी तालीम. आवाज नसला तर ते नेटवरून काहीतरी उचलणार होते. मला आजपर्यंत लोकांनी चटणी मागितलीय, साडीचा फॉल मागितलाय. आवाज पहिल्यांदा मागितला होता.

तो झाला पण होता! बाळ झोपलं की थोडा थोडा करून झाला होता. मग सेव्ह का नाही केला, हेच सगळे विचारतात. अहो, जागाच नाही. सगळ्या जागा पार्टीच्या आवाजांनी भरलेल्या, शहनाई, बासरी, ढोलकीबरोबरचे ते कर्कश्श सगळे. पेनड्राईव्ह लावायची खाच तुटलेली. मिस्टरांनी बजावलेलं, "कशावर पण सेव्ह मारू नको हां, पार्टीचे मास्तर मला मारतील." मग मी काय केलं, सिंथ बंदच नाही केला. चालू असला की आवाज आत राहतो, बंद केला की गेला. वर फडकं टाकून ठेवलेला. आणि सासूबाईंनी ते फडकं पण धुवायला टाकलेलं.

मी मिस्टरांना फोन लावला. मागून साऊंड चेक चालू, हॅलो हॅलो, चेक चेक.

"अहो, आवाज गेला."

"कोणाचा? आईचा?"

"पॅड! आईंनी प्लग काढला!"

"मग सेव्ह का नाही केलास?"

"तुम्हीच म्हणालात ना करू नको!"

"अगं मग मला विचारायचं ना." आणि तिकडून कोणीतरी हाक मारली, फोन कट.

आईंना विचारलं, परत लावू का, थोडाच वेळ. त्यांनी गिरणीची गोष्ट काढली. सासरे गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. खंडेनवमीला साच्यांना माळा घालायचे, पेढे वाटायचे, आणि मग कोणी हात लावायचा नाही. एका वर्षी एकाने नुसतं बघायला म्हणून पट्टा सुरू केला आणि त्याचं बोट गेलं, हे आईंनी मला लग्न झाल्यापासून दर खंडेनवमीला सांगितलंय. आता गिरणीच्या जागी टॉवर आहे, खिडकीतून दिसतो, तरी ते बोट अजून आमच्या घरात आहे. "उद्या सोना वाटून झाला की घे," म्हणाल्या. सोनं वाटणार संध्याकाळी. तालीम दुपारी.

चारच्या सुमाराला त्या खाली देवीकडे भजनाला गेल्या. बाळ झोपलेलं. मी सिंथसमोर उभी. भीती वाटत होती, खरंच सांगते, मी अशी शूर वगैरे नाही, मला मांजर आडवं गेलं तरी थांबायला होतं. मी हात जोडले, देवी माझे आई, हे पण कामच आहे, म्हणाले. माळ न काढता नुसती मागे सरकवली. प्लग लावला.

हातांना आठवत होतं. हा एवढा, तो अर्धा, इथे दोन आवाज एकमेकांपासून जरासे सरकवलेले म्हणजे ते आपसात थरथरतात. नॉब फिरवताना बोटांना कुंकू लागत होतं. आवाज आला, पण तो नव्हताच. मेला आवाज. पट्टी दाबली की जागच्या जागी उभा. मी सगळं परत केलं. परत उभाच. रडू यायला लागलं, की हे मी केलं होतं ना, माझ्या हातांनी, मग आता का होत नाही? कोणाला विचारू? व्हिडिओतल्या माणसाला?

मग वर बघितलं. पंखा पाचवर होता. उकाडा किती, म्हणून पाचवर. आणि मी जेव्हा तो पॅड बनवला तेव्हा बाळाला सर्दी होती, पंखा तीनवर असायचा! मी त्या फिरण्यावर आवाजाची थरथर जुळवलेली, कानाने, मला पण माहीत नसताना. मी उठून पंखा तीनवर केला. आणि थरथरीचा नॉब हळू हळू मागे, मागे, आणि बसला. असा बसला की पंखा कुठला आणि सिंथ कुठला ते समजेना.

आता कानातून कानात सरकणं बाकी होतं. मी नेहमी हेडफोनची एक बाजू उघडी ठेवते, एक कान बाळासाठी. पण सरकणं एका कानाने कसं कळणार? मी दोन्ही कान झाकले. थोडाच वेळ.

मान वर केली तर आई बाळाला घेऊन उभ्या. बाळ लालबुंद, घामाने निथळलेलं, तोंड उघडं. मी हेडफोन काढला तेव्हा ते रडणं ऐकू आलं. किती वेळ रडत होतं मला माहीत नाही.

आईंनी माझ्याकडे बघितलं, माळेकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. "अंगात ताप आसा हेच्या," एवढंच म्हणाल्या. मी हात लावला, खरंच गरम. मग म्हणाल्या, "बंद कर ता."

"आई, एक मिनिट..."

"आत्ता बंद कर."

प्लग काढला तर आवाज गेला, परत बनवायला वेळ नाही. चालू ठेवला तर बाळाच्या तापाला मीच कारण, त्या आयुष्यभर बोलणार. आणि तिसरं होतं सेव्हचं बटण. माझं बोट कुंकवाने लाल. समोर जी जागा उघडी होती तिथे मी सेव्ह मारलं. कुठली जागा ते बघितलं पण नाही. प्लग काढला, बाळाला घेतलं, पळतच डॉक्टरकडे.

डॉक्टर म्हणाले दात येतायत. आई म्हणाल्या, त्या डॉक्टरक काय कळता.

दसऱ्याला दुपारी मिस्टरांनी सिंथ तालमीला नेला. आईंनी तोंड फिरवलं. दादांनी पूर्ण ऐकलं, डोळे मिटून. "वहिनी, एक नंबर! पण एवढा वेळ पब्लिक बसणार नाही गं. आपण सुरुवातीचंच घेऊ." सुरुवातीचं म्हणजे? नुसता पंखा! तेवढा तर मी मोबाईल पंख्याखाली धरून दिला असता.

आणि ती जागा शहनाईची होती. दिवाळीनंतर परळला पहिली हळद, नवरी मांडवात येतेय, मिस्टरांनी शहनाई लावली आणि पंखा सुरू झाला. मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "नवरीला वारा घालतोस काय रे?" घरी आल्यावर मिस्टर जेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. बाळाला दोन दात आले. आई अजून रोज दिवेलागणीला बाळाची दृष्ट काढतात आणि काढताना माझ्याकडे बघतात.

सगळे म्हणतात मी चुकले. मिस्टर म्हणतात विचारायचं होतं, आई म्हणतात थांबायचं होतं, दादा म्हणतात टेन्शन नाही घ्यायचं. पण त्या वेळी तिथे उभी मी होते, बाळ रडत होतं, आवाज कानात होता आणि बोट बटणापाशी होतं. तुम्ही सांगा ना, तुम्ही काय केलं असतं? सेव्हचं बटण दाबलं असतं, की नुसता प्लग काढला असता?