गरमीला कामाला लावणाऱ्या शेख मॅडम

शेख मॅडम कुणाच्याही घरी गेल्या, की बसायच्या आधी टीव्हीच्या पाठीवर हात ठेवायच्या. "पाह्य बरं, किती गरमी फुकट चालली," असं हळहळून मगच खुर्ची घ्यायच्या. माझ्या आईला वाटायचं, बाईंना आमचा टीव्ही आवडलेला दिसतो.

त्या मूळच्या अकोटच्या. अमरावतीला आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. विमानातल्या रेडिओ-रडारच्या पेट्या तापतात. ती वाया जाणारी उष्णता पकडून तिची वीज करायची, म्हणजे तेवढं इंधन वाचेल, हा त्यांचा ध्यास. कपाशीचे वाईट दिवस होते आणि वर्गातली निम्मी मुलं शेतकऱ्यांची. प्राचार्य म्हणायचे, "यांना मोटारपंप शिकवा मॅडम, विमानाचं काय घेऊन बसलात?" मॅडमचं उत्तर ठरलेलं: "कापसावाल्याच्या पोराईनं इमान काहून नाई शिकायचं, सर?"

शेवटी प्राचार्यांनी अट घातली. विमान कारखान्याचे दोन साहेब येणार होते. त्यांना पटलं तर काम चालू, नाही तर बंद.

साहेब आले ते ऐन मे महिन्यात. टेबलावर तापलेली पेटी, तिला चिकटवलेली वीज करणारी पट्टी, आणि पट्टीच्या दुसऱ्या अंगाला ओलं फडकं गुंडाळलेला पत्रा. पेटी गरम आणि पत्रा गार राहिला, तरच वीज होणार आणि समोरचा चिमुकला पंखा फिरणार. तो छान फिरत होता. पण पाहुणा दिसला की कूलर त्याच्याकडे वळवायचा, ही आमची वऱ्हाडी रीत. प्राचार्यांनी स्वतः उठून वळवला. वारा साहेबांना लागला, तसा वाटेतल्या पेटीलाही लागला. पेटी निवली, पंखा थांबला. आमचे चेहरे उतरले.

मॅडम उठल्या आणि कूलर ओढून त्यांनी पत्र्यासमोर लावला. "येऊ द्या थोडा घाम पाहुन्याईले. जिंदगीभर आपन गरमीले हाकलूनच राहिलो. आता तिले कामाले लावा."

साहेब रुमालानं मान पुसत राहिले. पेटी तापली आणि पंखा असा गरगरला की आम्ही बाकं बडवली. आम्ही कुठे बॅटरी दडवली आहे का, हेही मोठ्या साहेबांनी पाहून घेतलं. काम चालू राहिलं.

पुढे मी त्याच कारखान्यात लागले. आमची पट्टी बसवलेलं पहिलं विमान उडालं, तेव्हा मॅडम निवृत्त होऊन अकोटला होत्या. मी धावपट्टीजवळूनच फोन लावला. "मॅडम, आपलं विमान वर गेलं. पट्टी वीज देऊन राहिली."

पलीकडे नुसती घरघर. मग त्यांचा आवाज आला, नवऱ्याला सांगत होत्या, "अजी, कूलर बंद करो जरा. मेरी बच्ची का फोन है."

घरघर थांबली.

"हां बेटा," त्या म्हणाल्या, "आता पुन्हा सांग."