घरात तीन मांजरं, आजारी कोणतं?

"लघवीची पिशवी दगडासारखी झालीये याची. युरेथ्रल ऑब्स्ट्रक्शन," गोट्याच्या पोटावरून हात न काढता डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "पण परवा तर पिशवी रिकामी होती. एवढ्यात असं कसं झालं?"

"परवा आणलं ते हे मांजर नव्हतं, डॉक्टर. तो याचा भाऊ."

युरेथ्रल ऑब्स्ट्रक्शन म्हणजे लघवीची वाट बंद होणं. बोक्यांची ही नळी फार बारीक असते. त्यात खडा किंवा चिकट साका अडकला की लघवी आत तुंबते, तिचं विष रक्तात भिनतं आणि एक-दोन दिवसांत बोका दगावू शकतो. हे सगळं मी त्या टेबलापाशी उभ्या उभ्या ऐकलं. ठणठणीत मांजराला इंजेक्शन टोचून घरी नेलं आणि आजारी मांजर घरीच राहिलं, हेही मला तिथेच कळलं. खरं तर रडू यायला हवं होतं. मला राग आला. कोणाचा, ते कळत नव्हतं.

आम्ही सावेडीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. मी घरी शिकवण्या घेते. माझे यजमान संजय कंपनीत शिफ्टला असतात. मुलगी लग्न होऊन गेली आणि घरात मांजरं आली. आधी सखू, काळी, वयस्कर, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मग पार्किंगमध्ये सापडलेले दोन भाऊ, गोट्या आणि बंडू. दोघंही पिवळे पट्टेवाले. गोट्याच्या हनुवटीखाली पांढरा ठिपका आहे, एवढाच फरक. मागून पाहिलं तर मलाही ओळखू येत नाहीत.

दवाखान्यातल्या या प्रसंगाच्या दोन दिवस आधी न्हाणीघराच्या फरशीवर गुलाबी थेंब दिसले. थोड्या वेळाने ट्रेमधल्या वाळूत एक पिवळी पाठ सारखी बसून उठत होती. मी पुढे गेले तोवर ती पाठ पलंगाखाली पळाली. एक मांजर असतं तर प्रश्नच नव्हता. तिघांना मिळून एकच ट्रे. कोण किती वेळा गेलं, कोण गेलंच नाही, हे कोण सांगणार?

मी पिंजरा काढला. पिंजऱ्याच्या दाराचा आवाज झाला आणि घरात मांजर म्हणून उरलं नाही. सखू माळ्यावर, एक पिवळा सोफ्याच्या आत, दुसरा कुठे कोणास ठाऊक. शेवटी फ्रिज उघडल्यावर जो लोचटपणे बाहेर आला त्याला मी धरला. तो बंडू होता. आजारी मांजर फ्रिजच्या आवाजाला येत नाही, हे तेव्हा सुचलं नाही. डॉक्टरांनी तपासलं, किरकोळ दाह असेल म्हणाले, इंजेक्शन टोचलं आणि गोळ्या दिल्या. घरी आल्यावर बंडूच्या तोंडात गोळी घालताना माझे दोन्ही हात ओरबाडून निघाले. विनाकारण.

डॉक्टर 'परवा' म्हणाले ती ही गोष्ट. दोन दिवसांनी सकाळी वॉशिंग मशीनच्या मागून रडल्यासारखा आवाज आला. गोट्या तिथे अंग चोरून बसला होता. उचलला तर पोटाला हात लावू देईना. दवाखान्यात पोचले तर डॉक्टर नव्हते. ते जवळच्या एका खेड्यात अडलेल्या म्हशीकडे गेले होते. कंपाउंडर म्हणाला, "बसा मॅडम, येतील एवढ्यात." दुसऱ्या दवाखान्यात फोन केला. "आम्ही मांजर बघत नाही." तिसरीकडे म्हणाले, आणा, पण मांजराच्या मापाची नळी नाही आमच्याकडे. मग काय करणार, बसले. बाकावर जागा नव्हती म्हणून पिंजरा जमिनीवर ठेवला, तर एक भलामोठा कुत्रा त्यात नाक घालायला लागला. "काही करत नाही तो," मालक हसून म्हणाला. माझं मांजर आत मरायला टेकलं होतं आणि हा मला कुत्र्याचा स्वभाव सांगत होता. मी पिंजरा मांडीवर घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसले.

डॉक्टर आले ते चिखलाच्या बुटांनीच. पुढचं सुरुवातीला सांगितलं आहेच. त्यांनी गोट्याला भूल दिली आणि कॅथेटर घातला. कॅथेटर म्हणजे लघवी काढायची बारीक नळी. लालसर लघवी भांड्यात पडायला लागली तेव्हा मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला. रक्तातलं क्रिएटिनीन, ज्यावरून किडनीचं काम कसं चाललंय ते कळतं, वाढलेलं निघालं. सलाईन सुरू केलं. त्याला तिथेच ठेवून घेतलं. रोज शिकवण्या सांभाळून मी जायची, जाळीतून त्याच्या कपाळावर बोट फिरवायची आणि परत यायची. हळूहळू तो खायला लागला, नळी काढली, आपली आपण लघवी झाली. डॉक्टर म्हणाले, "न्या आता घरी."

आता सुटलो असं मला वाटलं. खरा त्रास तिथून सुरू झाला.

पिंजऱ्याचं दार उघडलं. गोट्या बाहेर आला, लडखडत बंडूकडे गेला. जन्मापासून एकमेकांच्या गळ्यात गळा घालून झोपलेली ही दोन मांजरं. बंडूने त्याला हुंगलं, शेपूट फुगवली आणि सरळ झडप घातली. केस उडाले. सखूसारखी सखू, तीही माळ्यावरून फिस्कारायला लागली. मी मधे पडले तर मला चावा बसला. गोट्या पुन्हा वॉशिंग मशीनच्या मागे गेला.

डॉक्टरांना फोन केला. "त्याला दवाखान्याचा वास लागलाय," ते म्हणाले. "औषधं, कुत्री, सगळ्याचा. मांजर वासावर ओळखतं. त्यांच्या लेखी घरात परकं मांजर घुसलंय."

"मग हे मला आधी का नाही सांगितलं?"

"आमच्याकडे तीन-तीन मांजरांचे लोक कमी येतात, ताई. नाही सुचलं."

त्यात खाण्याचा घोळ. गोट्याला खडे होऊ नयेत म्हणून वेगळं खाणं होतं. ते बंडूला हवं. बंडूचं साधं खाणं गोट्याला हवं. सखूला दोन्ही हवं. मी ताटल्या घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत होते आणि बाहेरच्या खोलीत दहावीची पोरं गणितं सोडून माझ्याकडे बघत होती. संजय म्हणाले, "मला तर वाटतं आपण मांजरांकडे भाड्याने राहतोय." मला हसू आलं नाही.

आठवडा उलटायच्या आत गोट्याची लघवी पुन्हा बंद झाली. पुन्हा पिंजरा, पुन्हा भूल, पुन्हा नळी. या वेळी डॉक्टर गंभीर होते. "नुसत्या खड्यांचं नाही हे. ताणानेही होतं. तो घाबरून ट्रेकडे जातच नसणार, लघवी धरून ठेवतोय. तिसऱ्यांदा झालं तर पुण्याला ऑपरेशनसाठी न्यावं लागेल, आणि तोवर किडनी किती साथ देईल सांगता येत नाही. घरातलं भांडण थांबवा."

माणसांचं भांडण थांबवता येतं का, की मांजरांचं थांबवायचं?

त्याच सुमारास माझी मोठी नणंद, आक्का, सोनईहून काही कामानिमित्त आमच्याकडे आली होती. तिच्या घरी शेती आहे, गायी आहेत. तिने एक दिवस सगळा तमाशा पाहिला. "वैनी, मांजरापायी येवढं? आमच्या गोठ्यात येवढी जनावरं हायेत, कुनाचं येवढं लाड न्हाई केलं."

"आक्का, तो मरतोय गं."

तिने वाकून वॉशिंग मशीनच्या मागे पाहिलं. मग म्हणाली, "तो बंडू दे मला. शेतात उंदरं लई झालेत. मोकळं ऱ्हाईल, खाईल. तुझा हा बी जगंल. दोगांचं भलं हुईल."

मी हो म्हणाले. खरंच म्हणाले. संजयना सांगितलं, तेही बरं म्हणाले. दुसऱ्या दिवशी आक्का निघणार होती. मी बंडूला पिंजऱ्यात घातला आणि या वेळी तो पळाला नाही. आत बसून माझ्याकडे बघत राहिला. त्याची काय चूक होती? थोड्याच दिवसांपूर्वी त्यालाच मी उगाच सुया टोचून आणल्या होत्या, आणि आता भावाला ओळखलं नाही म्हणून घराबाहेर काढत होते. तो फक्त मांजरासारखा वागला होता.

"आक्का, राहू दे," मी म्हटलं. "मला महिनाभर बघू दे."

"बग बाई," ती म्हणाली. चिडली नाही. पिशव्या उचलता उचलता एवढंच म्हणाली, "पन तुजी तब्येत बी बग. हाडं निघाली तुजी."

मग आम्ही घराची फाळणी केली. आतली खोली गोट्याची. त्याचा ट्रे, त्याचं पाणी, त्याची ताटली तिथेच. बाहेर बंडू आणि सखू, त्यांचे वेगळे ट्रे. त्यामुळे कोण लघवीला गेलं ते एका नजरेत कळायला लागलं. बंडूच्या अंगावरून फिरवलेलं फडकं गोट्याच्या अंथरुणात, गोट्याचं फडकं बंडूच्या. दाराच्या दोन बाजूंना दोघांच्या ताटल्या. आधी बंडू दारावर गुरगुरायचा. मग नुसता बसायचा. मग जेवायचा. दार बोटभर उघडलं, मग वीतभर. मधे एकदा पुन्हा झोंबाझोंबी झाली आणि सगळं पहिल्यापासून. त्या दिवशी मी शिकवणीला सुट्टी दिली आणि स्वयंपाकघरात बसून मनसोक्त रडले.

गोट्या वाचला. लघवी पुन्हा तुंबली नाही. पण ते दोघं पूर्वीसारखे गळ्यात गळा घालून कधीच झोपले नाहीत. एकाच खोलीत असतात, एकमेकांवरून ओलांडून जातात, बस. सुरुवातीला याचं मला फार वाईट वाटायचं. आता वाटत नाही. घरात इतकं जमलं तरी पुष्कळ आहे.

तुमच्याकडे एकापेक्षा जास्त मांजरं असतील तर एवढंच सांगते. प्रत्येकाचा ट्रे वेगळा ठेवा. बोका सारखा बसून उठत असेल आणि लघवी होत नसेल तर उद्यावर टाकू नका. न्यायच्या आधी हनुवटी, शेपूट, सगळं तपासून नीट ओळखून न्या. आणि परत आणल्यावर लगेच सगळ्यांत सोडू नका, आधी वेगळ्या खोलीत ठेवा.

मी स्वतः आता याच्याही पुढे गेले आहे. परवा सखूचा दात दुखत होता. आम्ही रिक्षात तीन पिंजरे ठेवले. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. दवाखान्यात तिन्ही पिंजरे बाकावर ओळीने मांडले. डॉक्टर बाहेर आले आणि थबकले.

"अरे बापरे. तिघंही आजारी?"

"नाही," मी म्हटलं. "आजारी एकच आहे. बाकीचे दोघं वास लावून घ्यायला आलेत."