गच्चीवर उभे राहिलेले केस

मे १९९८. गच्चीवर हजर: मी, नुकतीच सॉफ्टवेअर कंपनीत लागलेली माझी मुलगी आणि शेजारच्या काकू. वळवाचे ढग आले, म्हणून वाळत घातलेल्या कुरडया गोळा करत होतो. अचानक मुलीचे मोकळे केस ताठ उभे राहिले. टीव्हीचा अँटेना गुणगुणू लागला.

काकू म्हणाल्या, "पार्लरचे पैसे वाचले हो."

मुलगी हसली. मी मात्र वर पाहिलं. डोक्यावरच्या ढगातला विद्युतभार वाढला, की वीज पडण्याआधी केस असे उठतात, हे मी शाळेत शिकवत असे. दोघींना जिन्यात ओढलं, तोच पाण्याच्या टाकीवर वीज पडली. मुलगी मला बिलगली.

पुढच्याच सभेत सोसायटीने गच्चीवर वीजरोधक बसवण्याचा ठराव केला. तो अजून बसवायचा आहे.