पातेल्यातला खालचा थर

लग्न होऊन परतूरजवळच्या त्या घरात मला तीन वर्षं झाली होती, आणि मी स्वतः केलेलं श्रीखंड कसं लागतं ते मला ठाऊक नव्हतं. चक्का मी टांगायचा, साखर मी फेसायची, सीताफळाच्या बिया मी काढायच्या. आणि पुरुषांची पंगत उठली की माझ्या वाट्याला रिकामं पातेलं. बायकांनी मागून जेवायचं, उरलं तर खायचं, आधी चाखायचं बिलकुल नाही. घराचं वळणच तसं. मला भयंकर राग यायचा. तोंड मिटलेलं असलं तरी डोकं चालू होतं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी पिकं बघायला आलेले गिरदावर, म्हणजे महसूल खात्याचे साहेब, आमच्याकडे जेवणार होते. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, गोडाचं फर्मान सोडलं. त्याच सकाळी मी ठरवलं, आज खायचंच.

कल्हईच्या पातेल्यात तळापासून निम्म्यापर्यंत चक्का आणि सीताफळाचा गर एकाआड एक लावला. त्यावर केळीचं पान पातेल्याच्या मापानं गोल कापून दाबून बसवलं. पानावर पुन्हा चक्का, केळ्याच्या चकत्या आणि वर डाळिंबाचे दाणे. साहेबांना केळं, आम्हाला सीताफळ. लबाडी होती, नाही म्हणत नाही. आत्याबाईंना, माझ्या सासूबाईंना, कळलं असतं तर माझी माहेरी रवानगी ठरलेली.

जेवणं सुरू झाली. आत्याबाई उंबऱ्याआड बसून वाट्या भरत होत्या, आमचे हे त्या बाहेर नेऊन देत होते. मी चुलीपुढं बसून चोरून बघत होते. पहिल्या वाट्या गेल्या, दुसऱ्या गेल्या. साहेबांचं “वाह, क्या बात है” ऐकू आलं. आता मागणार!

“अजून आना! साहेब, और लीजिए,” मामंजी गरजले.

आत्याबाईंनी पळी खोल घातली. वर आली ती पानाचा हिरवा तुकडा घेऊनच. त्यांनी तो बोटांनी उचलला, फटीतून आत वाकून पाहिलं, मग सावकाश मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली.

“संपलं!” आत्याबाई बाहेरच्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “ताक हाय थंडगार. ते पाठिवते.”

“संपलं? एवढं पातेलं?”

“न्हाई तर काय! चार घास खाणारी मान्सं हायेत का तुम्ही?”

ओसरीवर हशा पिकला. ताक गेलं, विडे गेले, साहेबांची घोडी गेली. मग आत्याबाई पातेलं घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या.

“काय करून ठिवलंस गं हे?”

त्यांनी पान उचकटून बाजूला टाकलं, दोन वाट्या काठोकाठ भरल्या, एक माझ्यापुढं सरकवली. मी हात लावायच्या आत त्यांची निम्मी झालीसुद्धा. मग त्या थांबल्या. वाटीकडं बघत राहिल्या.

“सव्वीस वर्षं झाली मला या घरात,” त्या म्हणाल्या. “असं लागतंय व्हय हे.”

आणि उरलेलं संपवून रिकामी वाटी माझ्यापुढं केली.